पेट्रोलची जाण्यायेण्याची वाट : जुन्या जिप्सीचा कार्बोरेटर आणि फ्युएल पंप

आमच्या घरी १९९४ सालची मारुती जिप्सी आहे. ९७० सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, चार गिअर, हाताने ओढायचा चोक आणि पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणारा कार्बोरेटर, असा तिचा जुना थाट आहे. घरात मात्र तिला जिप्सी कोणी म्हणत नाही, सगळे पिकअप म्हणतात. वडिलांनी ती घेतली त्याच वर्षी मागचे कापडी हूड उतरवून समोरासमोरची बाकडी उचलून ठेवली आणि तेव्हापासून त्या जागेतून माणसांपेक्षा आंब्याच्या पेट्यांनी, शेणखताच्या गोणींनी आणि फवारणीच्या पिंपांनीच अधिक प्रवास केला आहे. हे नाव अगदीच वावगे म्हणता येणार नाही, कारण सुझुकीच्या ज्या लांब चासीच्या एसजे ४१० वरून ही गाडी बेतली, तिचे पिकअपचे रूपही परदेशांत विकले जात असे.

गेल्या एप्रिलात, हंगाम ऐन भरात असताना, देवगडहून नांदगाव तिठ्याकडे जाताना शिरगावच्या अलीकडच्या चढावर गाडीने पहिल्यांदा दगा दिला. सपाट रस्त्यावर ती निमूट चालत होती, स्लो, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिनाचे मंद चालणे, तोही ठीक होता, पण चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रेस वाढवली की दोन-तीन झटके द्यायची, खोकायची आणि मान टाकायची. दहा मिनिटे बॉनेट उघडून सावलीत उभी केली की पुन्हा काही झालेच नाही अशी सुरू व्हायची. मागे पंचवीस पेट्या, वर एप्रिलचे ऊन, आणि प्रत्येक चढावर हाच प्रकार. त्या दिवशी नांदगावला पोचायला एरवीच्या दुप्पट वेळ लागला आणि ज्या ट्रकवर माल चढवायचा होता तो माझ्यासाठी थांबला, हे त्या चालकाचे उपकार.

माझे निदान तिथल्या तिथे झाले होते : कार्बोरेटर. जुन्या गाडीत पेट्रोलची काही तक्रार आली की आपला हात आधी कार्बोरेटरकडेच जातो, कारण तो डोळ्यांसमोर असतो, एअर क्लीनरचे झाकण काढले की दिसतो आणि त्याला फिरवायला स्क्रू असतात. टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप बिचारा इंजिनाच्या अंगाला दोन नटांवर बसलेला असतो, त्याला फिरवण्याजोगे काहीच नसते, म्हणून त्याच्यावर संशयही जात नाही.

घरी आल्यावर मांगरात, म्हणजे बागेतल्या शेडमध्ये, गाडी लावली. पेट्रोलचे काम करायचे म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवावी, शेजारी चूल किंवा विडी नसावी आणि जागा वारा खेळता असावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते, हे अनेकांच्या ध्यानात नसते. कार्बोरेटर काढण्यापूर्वी पुतण्याने मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढले आणि प्रत्येक व्हॅक्यूम होजला, म्हणजे रबरी नळीला, चिकटपट्टी लावून त्यावर आकडा घातला. त्या वेळी मला हा पोरखेळ वाटला होता. बसवताना त्याच फोटोंनी लाज राखली.

उघडलेल्या कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीत, म्हणजे पेट्रोल साठते आणि तरंगता फ्लोट त्याची पातळी राखतो त्या कप्प्यात, तळाशी तांबूस गाळ होता आणि त्यात काळ्या रबराचे बारीक कण होते. त्या काळ्या कणांकडे मी नीट पाहिले असते तर पुढचे तीन आठवडे वाचले असते, कारण कार्बोरेटरच्या आत एवढे झिजून पडण्याइतके रबर नसते. ते कुठून तरी वाहत आलेले असते. मी मात्र जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोके, फुंकली, वाटी पुसली आणि थ्रॉटलच्या, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या, स्पिंडलला (दांडीला) हाताने हलवून पाहिले, तेव्हा तो स्पष्ट डुगडुगत होता. स्पिंडलचे भोक झिजले की तिथून जास्तीची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि स्लो कितीही लावला तरी टिकत नाही. ही झीज कार्बोरेटरच्या बॉडीतच असल्यामुळे दुरुस्तीच्या किटने भरून येत नाही. सबळ कारण हाती लागल्याच्या समाधानात मी नवा कार्बोरेटर मागवला. कारण खरेच होते, पण ते चढावरच्या दुखण्याचे कारण नव्हते.

या जुन्या मारुतींचे मूळ कार्बोरेटर मिकुनी या जपानी कंपनीच्या तंत्रज्ञानावर आपल्याकडे तयार होत असत. आज तसा कोरा नग मिळणे कठीण आहे. मिळते ती नक्कल, आणि नक्कल वाईटच असते असे नाही, पण ती बसवण्याआधी तपासावी लागते. माझ्या नगाचा तळ सपाट नव्हता. सपाट काचेवर ठेवून कोपरा दाबला की तो हलत होता. काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून, थेंबभर तेल टाकून, आठच्या आकारात सावकाश घासत त्याचा तळ सरळ केला. त्याला तासभर लागला, आणि या सबंध उद्योगात मी शहाणपणाने घालवलेला तासभर तोच. तळ वाकडा असताना नट आवळून बसवला असता तर पॅकिंगच्या फटीतून हवा ओढली गेली असती आणि ती फट मी पुढे महिनाभर इतर ठिकाणी शोधत बसलो असतो. मॅनिफोल्ड (मिश्रण सिलिंडरांकडे नेणारी नळी) आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये जो जाड उष्णतारोधक तुकडा असतो तोही टाकून देऊ नये. इंजिनाची धग वाटीतल्या पेट्रोलपर्यंत पोचू न देणे हे त्याचे काम आहे आणि कोकणातल्या मे महिन्यात त्या कामाला किंमत आहे. पॅकिंगला सिलिकॉनचा लेप मात्र लावू नये, कारण पेट्रोलने तो फुगतो आणि त्याचे तुकडे थेट जेटमध्ये जाऊन बसतात.

बसवल्यावर स्लोचे पेट्रोल बंद करणारी विजेची झडप, म्हणजे सोलेनॉइड, चावी फिरवली की ‘टक्’ अशी वाजते का ते ऐकले. बंद इंजिनावर अ‍ॅक्सिलरेटर दाबून आतल्या नळीतून पेट्रोलची चिळकांडी उडते का ते पाहिले. ती उडत होती. इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झाले आणि स्लो इतका सुरेख लागला की पुतण्याने डॅशबोर्डवर नाणे उभे करून पाहिले. दुसऱ्या दिवशी पेट्या भरून निघालो आणि शिरगावच्या त्याच चढावर, त्याच वळणाच्या अलीकडे, गाडीने मान टाकली.

आमचे मेस्त्री बोलायला मोजके आहेत. त्यांनी कार्बोरेटरकडे पाहिलेसुद्धा नाही. डिपस्टिक ओढून तिचे टोक नाकाशी धरले आणि ती माझ्याकडे केली. म्हणाले, “अवो, कार्बोरेटराक कित्याक दोष देतास? पयलां ह्यां ऑइल हुंगा.” ऑइलला पेट्रोलचा वास होता आणि पातळी वरच्या खुणेच्या दोन बोटे वर होती. आता सांगायला संकोच वाटतो, पण गेले चार महिने ही गाडी थेंबभरही ऑइल खात नाही, तीस वर्षांनंतरही इंजिन कसे घट्ट आहे, असे कौतुक मी दोन-तीन जणांना ऐकवले होते. ऑइल ती खातच होती. त्याची जागा पेट्रोल भरून काढत होते.

हे कसे होते ते समजून घेण्याजोगे आहे. या पंपाला वीज लागत नाही. कॅमशाफ्टवरच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या दांड्यावरच्या, उंचवट्याने (कॅमने) त्याला ढकलले की आतला रबरी-कापडी पडदा, म्हणजे डायफ्राम, खाली ओढला जातो आणि टाकीकडचे पेट्रोल एका एकेरी झडपेतून आत येते. उंचवटा सरकला की पडद्याखालची स्प्रिंग त्याला परत वर लोटते आणि पेट्रोल दुसऱ्या झडपेतून कार्बोरेटरकडे जाते. म्हणजे ओढण्याचे काम कॅम करतो आणि लोटण्याचे काम स्प्रिंग करते. कार्बोरेटरची वाटी भरून फ्लोटची पिन बंद झाली की पेट्रोलला जायला जागा उरत नाही, पडदा खालीच थांबतो आणि कॅम नुसताच फिरत राहतो. तेव्हा पंपाचा दाब किती, हे इंजिनाच्या वेगावर नव्हे, तर त्या स्प्रिंगच्या जोरावर ठरते. अशा कार्बोरेटरवाल्या गाड्यांना साधारण ३ ते ५ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) इतका मामुली दाब पुरतो. पडद्याला बारीक चीर गेली तर स्लोवर आणि सपाटीवर लागणारे थोडके पेट्रोल तो कसेबसे पुरवतो, पण चढावर मागणी वाढली की वाटी रिकामी पडू लागते. दहा मिनिटे उभी राहून पुन्हा सेल्फ मारला की वाटी हळूहळू भरते आणि गाडी पुढच्या चढापर्यंत जाते. आणि चिरेतून गळलेले पेट्रोल इंजिनात उतरून ऑइलमध्ये मिसळते. पातळ झालेले ऑइल बेअरिंगना काय सांभाळणार?

मेस्त्रींनी खात्री करून घेतली. इग्निशन कॉइलची तार काढून ठेवली, कार्बोरेटरकडे जाणारा होज सोडवून त्याचे तोंड इंजिनापासून दूर एका बाटलीत धरले आणि मला सेल्फ मारायला सांगितले. निरोगी पंप प्रत्येक ठोक्याला जाड चूळ टाकतो. आमचा पंप लाळ गाळत होता, तीही बुडबुड्यांसकट. बुडबुडे म्हणजे ओढीच्या बाजूला कुठेतरी हवा शिरत होती. टाकीकडून येणाऱ्या होजला वाकवले तेव्हा त्याच्यावर बारीक भेगांचे जाळे उमटले.

इथे इथेनॉलविषयी बोलले पाहिजे, कारण त्याच्यावर खापर फोडणे सोपे आहे आणि त्याला निर्दोष ठरवणेही बरोबर नाही. फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने विक्रीला आले. १९९४ सालच्या गाडीतले होज, डायफ्राम आणि फ्लोटच्या पिनेचे रबरी टोक हे त्या मिश्रणासाठी निवडलेले नव्हते; जुन्या जातीचे रबर अशा पेट्रोलमध्ये फुगते, मऊ पडते आणि मग सुकताना भेगाळते. दुसरे असे की इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असते. गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी राहिली तर टाकीच्या रिकाम्या भागातली दमट हवा पेट्रोलला पाणी पाजत राहते, ते प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसते, आणि पत्र्याच्या टाकीचा गंज तिथूनच सुरू होतो. त्यात समुद्राची खारी हवा. तरीही, तीस वर्षांचा होज तीस वर्षांचाच असतो. तो मी दहा वर्षांपूर्वी बदलायला हवा होता, आणि तेव्हा इथेनॉलचा एवढा बोलबालाही नव्हता.

पंप देवगडात किंवा कणकवलीत मिळाला नाही. करूळ घाटाने कोल्हापूरला जाऊन उद्यमनगरातल्या एका जुन्या दुकानातून तो आणला. सोबत इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे नवे होज, दोन फिल्टर, क्लॅम्प आणि फ्लोटच्या पिनेची जोडी घेतली. या सगळ्याचे बिल त्या नव्या कार्बोरेटरच्या निम्म्याहून कमी झाले, हे मी घरी सांगितलेले नाही.

पंप बसवण्यापूर्वी आम्ही टाकी उतरवली. चाळीस लिटरची टाकी जवळजवळ रिकामी करून घ्यावी लागते आणि तिचे बोल्ट आमच्याकडच्या हवेत गाडीशी एकजीव झालेले असतात. त्यांना आदल्या रात्री तेल सोडून ठेवले होते, तरी एक तुटलाच. आतून निघालेला गंज एका नारळाच्या करवंटीत मावला असता. टाकी धुऊन, दोन दिवस उन्हात पूर्ण वाळवून परत लावली. टाकी धुणे-वाळवणे हे या सगळ्यातले सर्वांत कंटाळवाणे काम आहे आणि ते टाळले तर नवा पंप त्याच गाळावर जगायला लागतो.

प्रत्यक्ष पंप बदलायला अर्धा तास पुरला. कॅमचा उंचवटा पंपाला दाबून धरत असेल तर नट सुटल्यावर पंप तिरका होऊन अडतो. तेव्हा इंजिन हाताने थोडे फिरवून तो दाब काढावा आणि मगच ओढावा. जुन्या पंपाखालचे पॅकिंग किती जाडीचे आहे ते मोजून तेवढ्याच जाडीचे नवे घालावे, कारण जाडी वाढली तर पंपाची ढकल तेवढी कमी होते आणि जाडी घटली तर पडद्यावर फाजील ताण येतो. या पंपाला तीन तोंडे असतात : टाकीकडून येणारे, कार्बोरेटरकडे जाणारे आणि एक परतीचे, ज्यातून जास्तीचे पेट्रोल आणि त्यात धरलेली वाफ टाकीकडे माघारी जाते. मी तिन्ही होज नवे घातले, क्लॅम्प आवळले, आणि माझ्या मते काम संपले होते.

गाडी सुरू झाली आणि दोन मिनिटांत काळा धूर सोडू लागली. कार्बोरेटरच्या गळ्यातून पेट्रोल आत थेंब थेंब गळत होते. या कार्बोरेटरच्या वाटीला बाहेरून एक छोटी गोल काच असते आणि पेट्रोलची पातळी त्या काचेतल्या खुणेशी यायला हवी; आमची पातळी काच बुडवून वर गेली होती. नक्कल कार्बोरेटरची पिन दाब पेलत नसणार असे मानून मी ती काढून कोल्हापुरातून आणलेली पिन घातली आणि फ्लोटची जीभ किंचित वाकवून पातळी खाली आणली. धूर कमी झाला, गेला नाही. मेस्त्रींनी गेज लावून दाब पाहिला तर काटा सहाच्या वर. त्यांनी पंप चुकीचा म्हटले नाही. परतीचा होज पंपापासून सोडवला आणि टाकीकडे जाणाऱ्या लोखंडी नळीत तोंडाने फुंकले. हवा जाईना.

मी नळीची दोन्ही टोके नव्या रबराने सजवली होती आणि मधली सहा-सात फूट नळी आतून गंजाने बुजलेली होती. जास्तीच्या पेट्रोलला माघारी जायची वाट नव्हती, म्हणून सगळा दाब त्या बापड्या पिनेवर येत होता. आणि पेट्रोल फिरत नसल्यामुळे ते पंपातच तापत असणार, तेव्हा चढावरच्या खोकण्यात वाफेचाही हात असेलच. टाकीच्या बाजूने कॉम्प्रेसरची हवा मारली तेव्हा आधी काही नाही, मग फडफड, आणि मग पुढच्या टोकातून तांबड्या चिखलाची पिचकारी पुतण्याच्या शर्टावर. “काका, आता तरी झाला मा?” असे त्याने विचारले, आणि तो प्रश्न शर्टाबद्दल होता की गाडीबद्दल, हे मला अजून कळलेले नाही. नळी पुन्हा धुतली, होज जोडला, गेजचा काटा चाराच्या खाली येऊन थांबला. काचेतली पातळी खुणेवर आली.

बागेत शिपणे चालू असताना शेवटच्या कलमापर्यंत पाणी पोचले नाही तर कोणी त्या कलमाचा बुंधा उकरत नाही. बावडीवरच्या पंपापासून पाटाच्या कडेने चालत येतो आणि कुठे फुटले, कुठे तुंबले ते पाहतो. बालपणापासून हे करत आलेल्या माणसाने गाडीच्या बाबतीत नेमके उलट केले : शेवटच्या टोकाला, कार्बोरेटरला, हात घातला आणि एकेक पाऊल मागे सरकत टाकीपर्यंत गेलो. टाकी, होज, फिल्टर, पंप, मग कार्बोरेटर आणि परतीची नळी, असे पेट्रोलच्याच वाटेने आलो असतो तर तो झिजलेला जुना कार्बोरेटर हंगाम संपेपर्यंत चालला असता. बदलावा लागलाच असता, पण जूनमध्ये, सावकाश.

इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर लगेच बदलला; पेट्रोल मिसळलेल्या ऑइलवर एक दिवसही गाडी चालवू नये. मिश्रणाचा स्क्रू मात्र थोडा सैल ठेवावा लागला. शुद्ध पेट्रोलला एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटमधून येणारे मिश्रण आता किंचित पातळच पडते. हा स्क्रू फक्त स्लोपुरता उपयोगी आहे, रेसवरचा हिशेब मुख्य जेटच्या हातात असतो, आणि ते जेट एक नंबर मोठे घालून पाहायचे मी पावसाळ्यासाठी राखून ठेवले आहे. सकाळी चोक पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो. तेवढे चालेल.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कॅनिंगच्या आंब्याचे क्रेट भरून गाडी पुन्हा त्याच वाटेने काढली. चढ आला तेव्हा पुतण्या बोलायचा थांबला आणि मी रेडिओ बंद केला. दुसऱ्या गिअरमध्ये ती एका सुरात चढली. वरच्या वळणावर तिसरा टाकला तेव्हा त्याने खिशातून मोबाइल काढून पुन्हा काहीतरी बघायला सुरुवात केली. जुना पंप मांगराच्या खिडकीत ठेवला आहे. त्याचा पडदा बोटाने ताणला की चिरेतून पलीकडचा उजेड दिसतो.